स्टोरेजचा एक पाथ पडला की सर्व्हर दोन मिनिटं गप्प. फेलओव्हरचा वेळ कमी कसा करायचा?

तूरडाळ · सोमवार, रात्री ९.१२

रामराम मंडळी. जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये कॉम्प्युटरचं खातं माझ्याकडे आहे. खातं म्हणजे मी एकटाच. प्रिंटरच्या कार्ट्रिजपासून सर्व्हरपर्यंत सगळं.

मांडणी अशी: दोन लिनक्स सर्व्हर, एक स्टोरेज, त्याला दोन कंट्रोलर, मधे दोन स्विच. स्टोरेजशी बोलणं नेटवर्कवरून, म्हणजे आयस्कझी, आणि वर डीएम-मल्टिपाथ, म्हणजे एक वाट (पाथ) पडली की मागण्या दुसरीने नेणारा भाग (हाच फेलओव्हर). सगळं दोन-दोन. घेताना मालकांना मीच पटवलं होतं की एक मेलं तरी दुसरं चालू राहील.

गेल्या बुधवारी भर दुपारी रॅकची एक एमसीबी पडली आणि एक स्विच बंद झाला. सर्व्हर चालू होते, पण वजनकाट्याचा स्क्रीन गोठला. गेटवर तुरीचे ट्रक उभे. काट्यावरच्या पोराने 'सेव्ह' तीनदा दाबलं. दोन मिनिटांनी सगळं आपोआप सुरू झालं आणि एकाच ट्रकच्या तीन पावत्या निघाल्या. मालक एवढंच म्हणाले, "दुसरा स्विच शोभेला घेतला का रे?"

शोधाशोध करून आयस्कझीच्या कॉन्फिग फाइलमधला रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेलं कनेक्शन परत येण्याची किती सेकंद वाट बघायची तो आकडा) १२० होता तो ५ केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली. काल रविवारी मिल बंद असताना मुद्दाम स्विच बंद करून पाहिला. फरक शून्य. परत तीच दोन मिनिटं.

कुठे चुकतंय? आणि हा वेळ खाली किती आणता येतो? शून्य होतो का?

केळीचं_पान · रात्री ९.२०

तुना मालक बरोबर बोलना भो.

जुना_रॅक · रात्री ९.४१

दोन मिनिटं म्हणजे नक्की किती? अंदाजे नको. मल्टिपाथच्या डिस्कवर दर सेकंदाला एक छोटा डायरेक्ट राइट करणारी स्क्रिप्ट लावा, प्रत्येक राइटपुढे वेळ छापू द्या, आणि मग स्विच बंद करा. दोन ओळींमधलं सगळ्यात मोठं अंतर म्हणजे तुमचा खरा आकडा. डायरेक्ट राइटच हवा, नाहीतर पेज कॅशे (राइट आधी मेमरीतच ठेवणारी सोय) तुम्हाला गोड बोलून फसवेल.

दुसरी चाचणी वेगळी करा: स्विच चालू ठेवून स्टोरेजचा एक कंट्रोलर त्याच्या मेनूतून रीबूट करा. दोन्ही आकडे इथे टाका.

एक सूचना. चाचणीसाठी सर्व्हरवर कमांड देऊन नेटवर्क पोर्ट 'डाउन' करू नका. तसं केलं की त्या पोर्टचा रूटच निघून जातो आणि पॅकेट कधी कधी दुसऱ्याच पोर्टातून बाहेर पडतात. मग तुम्ही भलतंच काहीतरी मोजत बसता. केबल उपटा किंवा स्विच बंद करा.

औंधकर · रात्री १०.०५

आजकाल स्वतःचं स्टोरेज कोण ठेवतं? क्लाउडवर टाका, झोपा.

केळीचं_पान · रात्री १०.०९

आणि काटा? तो पण औंधला आणून ठेवू का? तुरीचे ट्रक सोसायटीच्या गेटवर लागतील, वॉचमनला सांगून ठेवा. (ह. घ्या.)

रावेरची_लेक · रात्री १०.३०

क्लाउडच्या पोटातही पाथच असतात हो. फक्त रात्री दोनला उठणारा माणूस दुसरा असतो.

जुना_रॅक यांनी विचारलेले दोन आकडे येऊ द्या, त्यावरच सगळं ठरेल.

तूरडाळ · मंगळवार, सकाळी ७.५०

पहाटे पाचला जाऊन मोजलं, मिल आठला सुरू होते.

स्विच बंद केला: १३१ सेकंद. दुसऱ्यांदा १२८.
कंट्रोलर रीबूट केला: १२१ सेकंद.

जुना_रॅक · सकाळी ९.१५

चोर सापडला. एक नाही, दोन आहेत, एकामागे एक उभे.

पहिला चोर दहा सेकंदांचा. स्विच मेला की पलीकडून कोणी "मी चाललो" असं सांगत नाही, नुसती शांतता पसरते. टीसीपीवर (नेटवर्कवर पाकिटं पोहोचवणाऱ्या प्रोटोकॉलवर) सोडलं तर तो फार सोशिक प्राणी आहे. लिनक्समध्ये तो मुळात १५ वेळा पाकीट परत पाठवून बघतो, त्यात पाव तास जातो. म्हणून आयस्कझीने स्वतःची हाक ठेवली आहे, नूप-आउट. पाच सेकंद समोरून काहीच आलं नाही तर हाक मारायची, आणखी पाच सेकंद उत्तर आलं नाही तर कनेक्शन मेलं म्हणायचं. ५ अधिक ५. तुमच्या १३१ आणि १२१ मधला फरक तो हाच. कंट्रोलर रीबूट होताना कनेक्शन रीतसर बंद करून गेला, त्यामुळे शोधण्यात वेळ गेला नाही.

दुसरा चोर १२० सेकंदांचा. कनेक्शन मेलं हे कळल्यावरही आयस्कझीचा ड्रायव्हर हातातल्या मागण्या परत देत नाही. धरून ठेवतो, मधूनमधून पुन्हा लॉगिन करून बघतो. मल्टिपाथला शिव्या देण्यात अर्थ नाही. अडकलेली मागणी खालून परत आल्याशिवाय तो ती दुसऱ्या पाथने पाठवणार कशी?

१२० वेड्यासारखा ठेवलेला नाही. एकच पाथ असलेल्या सर्व्हरसाठी तो बरोबर आहे. तिथे मागणी परत दिली तर फाइलसिस्टिमला थेट एरर जाते आणि ती रीड-ओन्ली होऊन बसते. त्यापेक्षा नेटवर्क येईपर्यंत थांबलेलं बरं. ज्यांची रूट डिस्कच आयस्कझीवर असते त्यांना तर हा आकडा ८६४०० करायला सांगतात. पूर्ण एक दिवस!

म्हणजे तुमचं निदान बरोबर होतं. औषध पोटात गेलंच नाही, एवढंच.

रावेरची_लेक · सकाळी १०.०२

औषध का गेलं नाही, त्याच्या दोन जागा सांगते.

एक: कॉन्फिग फाइलमधला आकडा नव्याने सापडणाऱ्या टार्गेटला (म्हणजे स्टोरेजच्या बाजूला) लागतो. आधी डिस्कव्हरी झालेल्या टार्गेटची नोंद नोड डेटाबेसमध्ये वेगळी लिहिलेली असते आणि तिथे जुनेच १२० राहतात. सर्व्हिस शंभरदा रीस्टार्ट केली तरी. ती नोंद अपडेट करून लॉगआउट-लॉगिन करावं लागतं. एकेक पाथ करून केलं तर मिल बंद ठेवायची गरज नाही.

दोन: मल्टिपाथ वर बसला असेल तर शेवटचा शब्द त्याचा. त्याच्या फाइलमधला फास्ट आयओ फेल टाइमआउट (पाथ पडल्यावर अडकलेल्या मागण्या किती सेकंदांत परत द्यायच्या) आयस्कझीच्या सेशनवर, म्हणजे एकेका लॉगिनवर, स्वतःचा आकडा चढवतो. तो मुळात ५ असतो, त्यामुळे तुमच्याकडे १२० दिसायलाच नको होतं. कोणीतरी त्यात हात घातलाय असा माझा संशय आहे.

फाइल वाचून ठरवू नका, कर्नललाच विचारा. सिसएफएसमध्ये (कर्नलचे चालू आकडे दाखवणाऱ्या फाइलींत) प्रत्येक आयस्कझी सेशनखाली 'रिकव्हरी टीएमओ' नावाची फाइल असते. तिथे जो आकडा असेल तोच खरा.

तूरडाळ · दुपारी १.२६

ताई, दंडवत. चारही सेशनला रिकव्हरी टीएमओ १२०. नोड नोंदीत १२०. आणि मल्टिपाथच्या फाइलमध्ये फास्ट आयओ फेलपुढे चक्क 'ऑफ' लिहिलंय.

हात घालणारा मीच. आधीच्या नोकरीतली फाइल पेनड्राइव्हवर होती, तीच चिकटवली. तिथे आयस्कझी नव्हतं, फायबर चॅनेल होतं, स्टोरेजचं वेगळंच जाळं.

जुना_रॅक · दुपारी १.३५

दुसऱ्याच्या चष्म्याने वाचायला गेलात. आयस्कझीवर 'ऑफ' लागूच होत नाही, मल्टिपाथ लॉगमध्ये तसं पुटपुटतो आणि आकड्याला हात न लावता पुढे जातो. ती पुटपुट कोण वाचतं म्हणा.

घाईत_आहे · दुपारी २.१०

मग ५ तरी कशाला? नूप १, टाइमआउट १, फास्ट फेल १. तीन सेकंदांत काम तमाम. सगळे उगाच घाबरतात.

धुळे_चाळीसगाव · दुपारी ३.४८

घाईत_आहे, हे मी केलंय. ऐका मग.

धुळ्यात एका ठिकाणी असंच स्टोरेज होतं. मी मोठ्या ऐटीत सगळं एक-दोन सेकंदांवर आणलं, वर फेलबॅक (परत आलेल्या पाथवर माघारी जाणं) 'इमिजिएट'. पंधरा दिवस मस्त. मग एक दिवस सकाळपासून तक्रारी: चालतंय, पण रडतखडत. कुठेच एरर नाही, काहीच बंद नाही. लॉग उघडला तर पाथ मिनिटाला दोनदा पडतोय आणि उठतोय. पडला की सगळी वाहतूक दुसऱ्या कंट्रोलरवर, उठला की इमिजिएट माघारी. लेझीमच.

शेवटी काय निघालं? कॅबिनेटच्या दारात चेपलेली पॅच केबल. दार उघडून बघायला गेलो की दाब सुटायचा आणि सगळं ठीक दिसायचं! दार लावलं की पुन्हा सुरू. चार तास गेले त्यात.

पूर्ण मेलेला पाथ परवडतो हो. अर्धमेला परवडत नाही. दोन मिनिटांची एक थांबणी लोक विसरतात, दिवसभराचं रडगाणं विसरत नाहीत. आता मी फेलबॅकला थोडे सेकंद उशीर देतो, आणि मल्टिपाथमध्ये 'मार्जिनल पाथ'ची सोय आहे ती चालू ठेवतो. वारंवार चुका करणारा पाथ मग काही वेळ बाजूला बसवला जातो, उठला म्हणून लगेच पंगतीत घेत नाहीत.

घाईत_आहे · दुपारी ४.०१

ती केबलची चूक. सेटिंगची नाही.

धुळे_चाळीसगाव · दुपारी ४.०६

केबल चुकणारच आहे म्हणून तर दोन पाथ घेतो ना भाऊ.

रावेरची_लेक · रात्री ९.५५

मी पोटापाण्यासाठी स्टोरेजचे ड्रायव्हरच लिहिते, तेव्हा ड्रायव्हरची बाजू मांडते. "ड्रायव्हर उगाच थांबतो" हे ऐकून ऐकून कान किटलेत.

पाथवरून उत्तर आलं नाही, म्हणजे तीन गोष्टी असू शकतात. मागणी पोहोचलीच नाही. किंवा पोहोचली, काम झालं, पण पोच वाटेत हरवली. किंवा पोहोचली, आणि अजून कंट्रोलरच्या रांगेत उभी आहे. ड्रायव्हरला या तिन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात.

तिसरी धोक्याची. तूरडाळ यांचंच उदाहरण घेऊ. 'शिल्लक ४० पोती' हा राइट अ पाथने गेला, त्या कंट्रोलरच्या रांगेत अडकला. एका सेकंदात आपण अ मेला असं ठरवलं, तोच राइट ब ने पाठवला, झाला. मग पाच पोती गेली, त्याच ब्लॉकवर 'शिल्लक ३५' लिहिलं, तेही ब ने झालं. आणि आता अ चा कंट्रोलर झोपेतून उठतो आणि रांगेतला जुना राइट इमानदारीने करून टाकतो. डिस्कवर परत ४०. एरर कुठेही नाही. लॉग स्वच्छ. सापडणार मार्चअखेरीस, गोदामात पोती मोजताना.

म्हणून ड्रायव्हरला दोनपैकी एक करावं लागतं. एकतर जुनी मागणी नक्की रद्द झाली याची खात्री करायची: अबॉर्ट, लन (स्टोरेजमधली एक डिस्क) रीसेट, किंवा त्याच नावाने पुन्हा लॉगिन करून जुनं सेशन मोडायचं. हे व्हायला समोरचा बोलता तर हवा. तो बोलतच नसेल तर इतका वेळ थांबायचं की त्याने त्याच्या बाजूनेही आपल्याला मेलेलं धरून रांग झटकली असेल. एनव्हीएमईमध्ये (स्टोरेजशी बोलायची नवी रीत) कीप-अलाइव्ह याच कामाचा. होस्टकडून ठरल्या वेळेत खूण आली नाही की कंट्रोलरने आपणहून काम थांबवायचं असतं.

तेव्हा वेळ कमी करायचा म्हणजे नुसता आकडा खाली खेचायचा नाही. शोध लवकर लागला पाहिजे आणि खात्रीही लवकर झाली पाहिजे. तुमच्या स्टोरेजच्या कागदपत्रांत लिनक्ससाठी जे आकडे दिले असतील त्यांच्या खाली जाऊ नका. ते आकडे त्यांनी स्वतःच्या कंट्रोलरची रांग ओळखून दिलेले असतात.

भुसावळ_जंक्शन · बुधवार, सकाळी ६.४०

मला यातलं काही कळत नाही. मी रेल्वेतून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालो. मुलगा या धंद्यात आहे, त्याने काल रात्री वरचा प्रतिसाद वाचून दाखवला आणि म्हणाला, आबा, हे तुमचंच आहे.

आहे खरं. आमच्याकडे पुढच्या स्टेशनचा लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय सेक्शनात गाडी सोडत नाहीत. आधीची गाडी पूर्ण, म्हणजे शेवटच्या डब्याच्या खुणेसकट, पोहोचली हे पुढच्याने सांगायचं, तेव्हा दुसरी सोडायची. फोन लागत नाही, म्हणजे गाडी पोहोचली असेल असं धरायचं नसतं, आणि बुडाली असेल असंही धरायचं नसतं. फोन बंद पडला तर गाडी सोडायची वेगळी रीत आहे. तिला वेळ लागतो, डब्यांतले लोक खिडकीतून शिव्या देतात. देऊ द्या. गाडी उशिरा गेली तर शिव्या, एका सेक्शनात दोन गेल्या तर चौकशी.

आणि दोन वाटांचं म्हणाल तर भुसावळहून मुंबईला दोन वाटा आहेतच. एक मनमाड-इगतपुरीवरून. दुसरी जळगावला फुटते, अमळनेर-नंदुरबारवरून उधना-सुरत आणि तिथून खाली. घाटात दरड आली की काही गाड्या त्या वाटेने वळवतात. पण मुंबईच्या बहुतेक गाड्या तिकडून नेत नाहीत, लांब पडते.

रावेरची_लेक · सकाळी ८.१५

आबा, नमस्कार. आमच्या नव्या मुलांना शिकवायला मी हेच उदाहरण नेणार. आणि शेवटचा परिच्छेद म्हणजे हुबेहूब एएलयूए आहे! दोन्ही वाटा चालू, पण एक 'ऑप्टिमाइझ्ड', दुसरी फक्त अडचणीला. मल्टिपाथ प्रायॉरिटीनुसार गट पाडतो ते यासाठीच.

केळीचं_पान · सकाळी ८.३१

आबांना +१००. धागा सार्थकी लागला. वाचनखूण साठवली.

नंदुरबारी_मिरची · सकाळी ११.२०

आयस्कझीचं झालं, फायबर चॅनेलवाल्यांसाठी थोडं. इथे लिंक पडली तर एचबीएला (सर्व्हरमधल्या फायबर चॅनेलच्या कार्डाला) ताबडतोब कळतं, आणि पलीकडचं पोर्ट गेलं तर फॅब्रिकचा स्विच वर्दी देतो. म्हणून शोधाचे दहा सेकंद वाचतात. पुढे दोन घड्याळं सुरू होतात. फास्ट आयओ फेल ५ सेकंदांचा: संपला की अडकलेल्या मागण्या परत, मल्टिपाथ त्या दुसरीकडे नेतो. डेव्ह लॉस, मल्टिपाथमध्ये मुळात ६०० चा: संपला की डिव्हाइसच काढून टाकायचं. लोक घाईने दुसरं कमी करतात. त्याने फेलओव्हर जरासुद्धा लवकर होत नाही, उलट पाथ परत आल्यावर डिव्हाइस नव्याने ओळखायचा उपद्व्याप वाढतो.

खरी रडकथा लिंक चालू राहून फ्रेम गळायला लागतात तेव्हाची. एसएफपी (केबल लावायचा छोटा मॉड्यूल) अर्धा मेलेला. वर्दी द्यायला कोणी नाही. मग स्कझीच्या कमांडचा ३० सेकंदांचा टाइमआउट संपेपर्यंत काहीच होत नाही. तो संपला की अबॉर्ट. तो जमला नाही तर लन रीसेट, मग टार्गेट, मग होस्ट. प्रत्येक पायरीवर पुन्हा वाट बघणं. मी एकदा हे सगळं मिळून चार मिनिटांच्या वर गेलेलं पाहिलंय. अशा वेळी उपयोगी पडते ती ईएच डेडलाइन, म्हणजे एवढ्या सेकंदांत पायऱ्या उरकल्या नाहीत तर थेट होस्ट रीसेट. मुळात ती बंद असते. पण होस्ट रीसेट म्हणजे त्या कार्डावरचे सगळेच पाथ हलणार, हे लक्षात ठेवा.

आणखी एक गैरसमज. पोलिंग इंटर्व्हल (चेकर दर किती सेकंदांनी पाथ तपासतो) ५ चा १ केला की फेलओव्हर पाचपट जलद, असं समजून बसलेले खूप भेटतात. काम चालू असताना पाथ पडतो तो चालू मागणीच्या एररने, चेकरची वाट कोणी बघत नाही. चेकर लागतो पाथ परत आला का ते बघायला आणि रिकाम्या पाथची खबर ठेवायला. सगळं सुरळीत असेल तर तो स्वतःच ५ वरून वाढत २० सेकंदांपर्यंत जातो.

एनव्हीएमईचं चित्र वेगळं आहे. तिथे मल्टिपाथ ड्रायव्हरच्या आतच आलाय, कर्नल ४.१५ पासून, आणि एएलयूएचा भाऊ एएनए ४.१९ पासून. मधे वेगळा डिमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) नाही. कीप-अलाइव्ह मुळात ५ सेकंद, रीकनेक्ट दर १० सेकंदांनी, आणि ६०० सेकंदांनी कंट्रोलर सोडून द्यायचा. तरी ६०० वाचून घाबरू नका. कंट्रोलर रीसेटमध्ये गेला की मागण्या लगेच दुसऱ्या पाथच्या रांगेत जातात. ६०० चा प्रश्न येतो दुसरा पाथच नसेल तेव्हा.

घाईत_आहे · सकाळी ११.४४

म्हणजे एनव्हीएमई घ्या, प्रश्न मिटला.

नंदुरबारी_मिरची · सकाळी ११.५२

त्यांच्या मालकांना तुम्ही सांगा. आधी शोभेच्या स्विचचे पैसे फिटू द्या.

अमळनेरकर · दुपारी १२.३०

अवांतर: तूरडाळ, तुमच्या सर्व्हर रूमचा एसी कसा आहे? जळगावचा मे म्हणजे पंचेचाळीसच्या पुढे. आमच्याकडे एसएफपी मरतात ते एप्रिल-मेमध्येच, दिवाळीत कधी नाही.

तूरडाळ · दुपारी १२.४१

दोन एसी आहेत, आलटून पालटून चालतात. त्यांचाही फेलओव्हर हाताने. म्हणजे वॉचमन.

केळीचं_पान · दुपारी १२.४४

वॉचमनचा नूप-आउट किती सेकंदांचा?

अमळनेरकर · दुपारी १२.४७

चहा पिऊन आला की.

धुळे_चाळीसगाव · दुपारी १.०५

अति अवांतर: जळगावला येतोय शनिवारी. बामणोदच्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी कुठे बरी मिळेल? हॉटेलातलं नको.

केळीचं_पान · दुपारी १.०८

हॉटेलातलं नको तर घरी या. पण भरीत काडीवर भाजलेलं असेल, गॅसवरचं मागायचं नाही. पाथ एकच, फेलओव्हर नाही.

तूरडाळ · रविवार, सायंकाळी ६.१८

मंडळी, आकडे आणलेत.

नोड नोंदी सुधारल्या, मल्टिपाथमधला 'ऑफ' काढून ५ केला, चारही सेशनला रिकव्हरी टीएमओ ५ दिसतोय. स्टोरेजच्या पुस्तिकेतही ५ च आहे, ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी बघितलं. नूप ५ आणि ५ तसाच ठेवला.

कंट्रोलर रीबूट: ६ सेकंद.
स्विच बंद: १५, १४, १६.

इथपर्यंत आनंद. पण मग स्विच परत चालू केला, तर मिनिटभराने पुन्हा सगळं गोठलं! जवळपास ३० सेकंद. पाथ *येताना* का थांबतं? दर वेळी तसंच झालं.

जुना_रॅक · सायंकाळी ६.४०

३० म्हटल्यावर माझं बोट लगेच एका जागी जातं. दोन्ही स्टोरेज स्विचमधे एकमेकांना जोडणारी केबल आहे का?

तूरडाळ · सायंकाळी ६.४४

आहे. ज्याने बसवलं तो म्हणाला असलेली बरी.

जुना_रॅक · सायंकाळी ७.०३

तीच. स्पॅनिंग ट्री (स्विचच्या जाळ्यात गोल वळसा होऊ न देणारी सोय) चालू असणार. स्विच परत आला की दोघांत मुख्य कोण याचं पुन्हा ठरतं, आणि त्यात चांगल्या चाललेल्या स्विचची पोर्टंही १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवू शकतात. १५ अधिक १५. म्हणजे मेलेला उठताना जिवंताला खाली बसवतो.

दोन उपाय, दोन्ही करा. सर्व्हर आणि स्टोरेजकडे जाणारी पोर्टं 'एज' करा, म्हणजे ती या ऐकण्या-शिकण्यात पडत नाहीत. आणि शक्य असेल तर ती केबल काढाच. दोन पाथ म्हणजे दोन वेगळी जाळी, दोन वेगळे सबनेट. दोघांना एकत्र बांधलं की एकाचं दुखणं दुसऱ्याला. काढण्याआधी एवढं बघा की प्रत्येक कंट्रोलरचं एकेक पोर्ट दोन्ही स्विचवर आहे.

अमळनेरकर · सायंकाळी ७.२२

त्याच हाताला जम्बो फ्रेमही (१५०० ऐवजी ९००० बाइटची मोठी पाकिटं) तपासा. एका स्विचवर ९००० आणि दुसऱ्यावर १५०० असेल तर साधा पिंग जातो, लॉगिन होतं, पाथ 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतो, आणि मोठा राइट आला की गळतो. ८९७२ बाइटचा पिंग, तुकडे न करण्याच्या खुणेसह, दोन्ही वाटांनी मारून बघा.

नंदुरबारी_मिरची · सायंकाळी ७.३०

आणि दोन्ही पाथ एकदम गेले तर काय, हे ठरवलंय का? नो पाथ रीट्राय बघा. 'फेल' असेल तर ज्या क्षणी दोन्ही नाहीत त्या क्षणी एरर, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली. 'क्यू' असेल तर अनंत काळ वाट. मी १२ ठेवतो, दर ५ सेकंदांनी १२ वेळा म्हणजे मिनिटभर. कंट्रोलरचं फर्मवेअर बदलताना काही क्षण दोन्ही पाथ नाही म्हणतात, तेव्हा हाच मिनिट वाचवतो.

रावेरची_लेक · रात्री ८.१०

आता मूळ प्रश्नाकडे: शून्य होतो का? नाही. आणि तूरडाळ, तुम्हाला तो हवाही नाही. तुमच्या काट्याचा प्रोग्राम किती वेळ थांबायला तयार आहे, ते आधी काढा. तो ३० सेकंद थांबत असेल तर १५ पुरे आहेत, त्याखालच्या प्रत्येक सेकंदासाठी तुम्ही धुळ्याच्या केबलचा धोका विकत घेताय.

आणि तीन पावत्या स्टोरेजने छापल्या नाहीत. तीनदा दाबलं तर तीन निघाल्या, यात प्रोग्रामचं चुकलंय. ट्रक काट्यावर चढला की पावती क्रमांक आधीच ठरवायचा, मग तो कितीदा सेव्ह झाला तरी नोंद एकच. उद्या स्टोरेज सोन्याचं आणलंत तरी नेटवर्क अडखळलं की तेच होणार.

औंधकर · रात्री ८.२५

हे मात्र पटलं. क्लाउडवर आमच्याकडे पण एकाच ऑर्डरची दोनदा डिलिव्हरी गेलीय.

केळीचं_पान · रात्री ८.२७

या, या. बसा. भाकरी गरम आहे.

तूरडाळ · पुढचा रविवार, रात्री ९.३०

शेवटचा अहवाल.

स्विचमधली केबल काढली, पोर्टं एज केली. जम्बो एका स्विचवर खरंच चुकलेला निघाला, अमळनेरकरांचे आभार. नो पाथ रीट्राय १२. प्रोग्रामवाल्याने पावती क्रमांक आधी घ्यायची सोय करून दिली. त्याचा टाइमआउट ३० च निघाला. परत चालू करताना आता थांबत नाही.

आज मालक स्वतः रॅकपुढे येऊन उभे राहिले. म्हणाले, मी उपटतो, तू मोज. स्विचची पॉवर काढली आणि स्वतःच मोठ्याने आकडे म्हणायला लागले. चौदा म्हणेपर्यंत काट्यावर पावती निघाली, एकच. ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "एकावर चालतंय की. मग दुसरा विकून टाकू का?"

केळीचं_पान · रात्री ९.३३

तुना मालक परत बरोबर बोलना भो.

चोपड्याचा_पाहुणा · रात्री १०.५०

उशिरा आलो. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहे, त्यात हे आकडे कुठे असतात?

जुना_रॅक · रात्री ११.०२

रजिस्ट्रीत. डिस्कचा टाइमआउट ६०, एमपीआयओचा (विंडोजच्या मल्टिपाथचा) पीडीओ रिमूव्ह पिरियड २०, आयस्कझी इनिशिएटरचा लिंक डाउन टाइम १५ आणि मॅक्स रिक्वेस्ट होल्ड टाइम ६०. कोण कधी लागतो ते मोठं प्रकरण आहे. नवा धागा काढा, हा भरीत आणि रेल्वेने भरलाय. आणि येताना आधी मोजून या.